सौम्य बोधमांद्य आणि वृद्धांचा दिनव्यवहार

वृद्ध आई-वडिलांच्या विसराळूपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या कुटुंबांची संख्या आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत वाढत आहे. त्यांची मागणीही बहुधा ठरलेली असते : "वैद्यराज, ब्राह्मीचे काहीतरी चांगले द्या." मागणी पुरवणे अवघड नाही. चूर्ण, वटी, घृत, अरिष्ट असे सर्व कल्प आपल्या कपाटात सिद्ध असतात. परंतु विसरणे किती आहे, यापेक्षा त्या विसरण्याने माणसाच्या रोजच्या कामांत काय बिघडले आहे, हा प्रश्न चिकित्सेच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो, आणि तो फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

अवस्थेचे स्वरूप

वयोमानानुसार होणारे स्वाभाविक विस्मरण आणि डिमेन्शिया म्हणजे पूर्ण विकसित स्मृतिभ्रंश, यांच्या मधल्या अवस्थेला आधुनिक वैद्यकात 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' असे नाव आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली तिचे निकष मांडले. २००४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने त्यांची व्याप्ती वाढवली आणि केवळ स्मरणच नव्हे, तर अवधान, भाषा, नियोजन यांतील उणीवही त्यात समाविष्ट केली. या लेखापुरते आम्ही या अवस्थेला 'सौम्य बोधमांद्य' म्हणू. अग्निमांद्यात अग्नी विझलेला नसतो, मंद झालेला असतो. येथेही बोध नष्ट झालेला नसतो, मंदावलेला असतो.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६० ते ६४ या वयोगटात ही अवस्था सुमारे ६.७ टक्के, तर ८० ते ८४ या वयोगटात सुमारे २५.२ टक्के व्यक्तींत आढळते. पासष्टीपुढील अशा रुग्णांपैकी सुमारे १५ टक्के दोन वर्षांत डिमेन्शियाकडे जातात. काही वर्षानुवर्षे तेथेच राहतात, तर काही पुन्हा प्राकृत होतात. भारतापुरते बोलायचे, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अनुमानानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. त्याच्या अलीकडच्या पायरीवर उभे असलेले वृद्ध आपल्यासमोर रोज बसतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. सौम्य बोधमांद्य आणि डिमेन्शिया यांच्यातील सीमारेषा स्मरणाच्या चाचणीतील गुणांवर ठरत नाही, ती दिनव्यवहारावर ठरते. चाचणीत दोन रुग्णांना सारखेच गुण मिळतील. पण त्यांपैकी एक स्वतःचे पेन्शन काढून आणत असेल, तर दुसऱ्याच्या हाती पैसे देण्यास घरचे घाबरत असतील. या दोघांची अवस्था एक नाही. म्हणून रुग्णाचे घर, त्याची सवय आणि त्याचा पूर्वीचा आवाका ठाऊक असलेल्या वैद्याचे निरीक्षण येथे यंत्रांपेक्षाही उपयुक्त ठरते.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानात वयाचे विभाग सांगताना साठीनंतरच्या जीर्ण वयात धातू, इंद्रिये व बल यांच्याबरोबरच ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान यांचाही ऱ्हास सांगितला आहे. हा क्रम चिंतनीय आहे. विषय नीट घेतला गेला नाही, घेतलेला धरून ठेवता आला नाही, धरलेला वेळेवर आठवला नाही, आठवलेला शब्दांत मांडता आला नाही किंवा मांडलेल्याचा उलगडा झाला नाही, या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. 'विसरतात' या एकाच शब्दात घरचे लोक त्या सर्व सांगतात. शार्ङ्गधरांनी दर दशकागणिक होणाऱ्या ऱ्हासाच्या वर्णनात मेधा चौथ्या आणि बुद्धी नवव्या दशकात सांगितली आहे. अर्थात नवे ग्रहण करण्याची शक्ती लवकर मंदावली, तरी निर्णय करणारी बुद्धी दीर्घकाळ टिकते. त्या टिकलेल्या बुद्धीवरच आपल्याला चिकित्सा उभारायची आहे.

या अवस्थेला संहितेतील एखाद्याच व्याधीचे नाव चिकटवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. धी, धृती व स्मृती यांपैकी काय ढळले आहे, जरावस्थेतील वातवृद्धी प्रधान आहे की कफ-तमाचे आवरण, अग्नी कसा आहे, निद्रा कशी आहे, हे प्रत्येक रुग्णात स्वतंत्रपणे पाहावे लागते.

दिनव्यवहाराची परीक्षा

दैनंदिन कामांचे दोन स्तर मानले जातात. स्नान, वस्त्रपरिधान, शौच, उठणे-बसणे, वेगधारण, भोजन ही मूलभूत कामे होत. कॅट्झ यांनी १९६३ साली त्यांची श्रेणी बनवली. सौम्य बोधमांद्यात ही कामे अबाधित असतात. दुसरा स्तर साधनांच्या व व्यवहाराच्या कामांचा. लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ साली दूरध्वनी, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा हिशोब अशी आठ कामे त्यात घेतली. बोधमांद्याची पहिली चाहूल या स्तरात लागते, आणि त्यातही विशेषेकरून पैसे व औषधे या दोन कामांत. निरक्षर व ग्रामीण भारतीय वृद्धांसाठी हरियाणातील बल्लभगड परिसरात झालेल्या संशोधनातून १९९९ साली निराळी श्रेणी तयार झाली, कारण पाश्चात्त्य प्रश्नावली आपल्या घरांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

ती लागू न पडण्याचे कारण उघड आहे. ज्या गृहस्थांनी जन्मात चहा केला नाही, त्यांना स्वयंपाक येत नाही हे लक्षण ठरत नाही. ज्या आजींनी बँकेची पायरी कधी चढली नाही, त्यांना पासबुक कळत नाही यालाही अर्थ नाही. शिवाय एकत्र कुटुंबात सूनबाई, मुलगा, नातवंडे नकळत एकेक काम हाती घेतात आणि ऱ्हास झाकला जातो. म्हणून "हे जमते का?" असे विचारू नये. "पूर्वी हे कोण करत असे? आता कोण करते? कधीपासून आणि का?" असे विचारावे. रुग्णाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच पाच वर्षांपूर्वीच्या स्वतःशी करावी.

आमच्या चिकित्सालयात आम्ही पुढील दहा कामांची नोंद ठेवतो :

१) औषधे वेळेवर व योग्य मात्रेत घेणे
२) पेन्शन, पासबुक, वीजबिल, सुटे पैसे यांचा व्यवहार
३) नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्यासारखी वर्षातून एकदाच येणारी कामे लक्षात ठेवणे
४) बाजारहाट, यादीतील वस्तू आणणे व तीच वस्तू पुन्हा न आणणे
५) अनेक पायऱ्यांचा स्वयंपाक, पुरणपोळी, मोदक, सणाचे पूर्ण ताट
६) गॅस, नळ, कडी-कुलूप बंद करणे
७) एकट्याने एस.टी. वा रेल्वेचा प्रवास. ओळखीच्या रस्त्याने परत येणे
८) फोन करणे, निरोप घेणे व तो पोहोचवणे
९) पूजा, पोथी, भजन, वर्तमानपत्र यांतील क्रम व गोडी
१०) लग्नकार्य, तिथी, येणेजाणे यांचे भान

प्रत्येक कामापुढे पूर्वीसारखे असल्यास ०. वेळ अधिक लागतो पण चूक स्वतः सुधारतात, तर १. दुसऱ्याने आठवण द्यावी लागते, तर २. दुसराच करतो, तर ३. आणि कधीच करत नसत, तर केवळ आडवी रेघ. ही नोंद निदानाची प्रमाणित चाचणी नव्हे. दर तीन महिन्यांनी तोच रुग्ण कोठे उभा आहे हे पाहण्याची ती एक पट्टी आहे. बोधमांद्याच्या रुग्णात १ अधिक दिसतात, २ तुरळक दिसतात. २ वाढू लागले आणि ३ उमटू लागले, की मेंदुरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

रुग्ण व नातेवाईक यांच्याशी वेगवेगळे बोलावे. जो रुग्ण स्वतःच पुन्हा पुन्हा विसराळूपणाची तक्रार करतो, त्याच्यात विषाद वा चिंता आहे का हे आवर्जून पाहावे. ज्याची तक्रार घरचे करतात आणि स्वतः रुग्ण मात्र "छे, मला काही झाले नाही" म्हणतो, त्याच्याबाबत अधिक सावध राहावे.

प्रथम निदानपरिवर्जन

औषध देण्यापूर्वी औषध काढण्याचा विचार करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एका ७१ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या मुलाने आणले. "अण्णा दोन वेळा बिल भरतात, नावे विसरतात, दुपारी भांबावतात," अशी तक्रार होती. पिशवीतील सर्व औषधे टेबलावर मांडायला सांगितली, तेव्हा त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी दहा वर्षांपासूनची, झोपेची गोळी दोन वर्षांपासूनची, सर्दीची क्लोरफेनिरामाइनयुक्त गोळी अधूनमधून, आणि खोकल्यासाठी स्वतःच दुकानातून आणलेला कनकासव तीन महिन्यांपासूनचा निघाला. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. कनकासव व सर्दीची गोळी थांबवली. झोपेची गोळी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली, कारण ती एकदम बंद करणे धोक्याचे असते. बी-१२ची पूर्तता झाली. तीन महिन्यांनंतर आमच्या नोंदीतील पाचपैकी तीन कामे पुन्हा शून्यावर आली. मेध्य द्रव्य तोवर एकही दिले नव्हते.

कनकासवात धत्तूर पंचांग असते. धत्तुरातील हायोसायमीन, स्कोपोलामीन व ॲट्रोपीन ही द्रव्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीनच्या कार्याला अटकाव करतात, आणि स्मरणाचे काम तर त्याच मार्गाने चालते. तरुण श्वासरोग्याला सोसणारी मात्रा वृद्धाला भ्रम, मुखशोष, मलावरोध व मूत्रावरोध आणू शकते. पारसिक यवानी म्हणजे खुरासानी ओवा याच वर्गातला, आणि सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात तो भांगेसह येतो. सर्पगंधेतील रिसर्पिनमुळे विषाद व रक्तदाब घटणे संभवते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश व गुळ-साखर असते. झोपेच्या गोळीबरोबर किंवा मधुमेहात त्याचा विचार झालाच पाहिजे. शिसे बोधशक्तीला घातक आहे. म्हणून अज्ञात स्रोताची, अप्रमाणित रसौषधी चालू आहे का, हेही विचारावे. ही सर्व आपल्याच कपाटातील औषधे आहेत. त्यांचे गुण आपण जाणतो, तसे त्यांचे वृद्धांतील धोकेही आपणच प्रथम सांगितले पाहिजेत.

याखेरीज थायरॉइडची मंदता, रक्तातील सोडियम वा शर्करा घटणे, दीर्घकाळ घेतलेली आम्लपित्ताची औषधे, घोरण्याबरोबर श्वास अडणे, मोतीबिंदू व बहिरेपणा यांचा शोध घ्यावा. ज्याला ऐकूच आले नाही, तो विसरला असे कसे म्हणावे? कानातील मळ काढल्याने किंवा श्रवणयंत्र बसवल्याने 'स्मृती सुधारली' असे अनुभव अनेक वैद्यांना असतील. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांचा संबंध टाळता वा सुधारता येण्याजोग्या १४ कारणांशी आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, मधुमेह, उच्च रक्तदाब, विषाद, व्यायामाचा अभाव व एकटेपणा ही त्यांतलीच.

काही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे : काही तासांत वा दिवसांत अचानक आलेला गोंधळ, डोक्यावर पडल्यानंतरचा बदल, एका अंगाची दुर्बलता, ज्वरासह भ्रम. चाल बिघडणे व लघवीवरचा ताबा सुटणे ही विसरण्याबरोबर एकत्र आली, तर तीही तातडीच्या तपासणीची बाब समजावी.

औषधयोजना : आशा आणि मर्यादा

चरकांनी चिकित्सास्थानाच्या रसायनाध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण दुधाबरोबर, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. ब्राह्मीवर अलीकडच्या काळात सर्वाधिक संशोधन झाले. अमेरिकेत २००८ साली ५४ आणि ऑस्ट्रेलियात २०१० साली ९८ वयस्क व्यक्तींवर रोज ३०० मि.ग्रॅ. अर्क बारा आठवडे देऊन झालेल्या अभ्यासांत शब्दस्मरणाच्या चाचणीत सुधारणा दिसली. दुसऱ्या अभ्यासात मळमळ, पोटात कळ व वारंवार शौचाला होणे हे उपद्रवही नोंदले गेले. परंतु या व्यक्ती निरोगी होत्या, बोधमांद्याचे रुग्ण नव्हत्या, आणि मोजले गेले ते चाचणीतील शब्द, घरातील कामे नव्हेत. हा भेद आपण रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावा. आधुनिक औषधांचीही स्थिती येथे फार वेगळी नाही. डोनेपेझिलसारखी डिमेन्शियात दिली जाणारी औषधे सौम्य बोधमांद्यात उपयुक्त असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे वर उल्लेखिलेल्या २०१८च्या तत्त्वांत नमूद आहे. त्याच तत्त्वांत आठवड्यातून दोनदा व्यायामाची शिफारस आहे.

आमची योजना साधारणतः अशी असते. प्रथम अग्नी व कोष्ठ सुधारणे. मग रोजचा सौम्य अभ्यंग, पादाभ्यंग आणि प्रतिमर्श नस्य. सातव्या वर्षापूर्वी व ऐंशीनंतर नस्य वर्ज्य असले, तरी वाग्भटांनी प्रतिमर्शाला ही वयोमर्यादा ठेवलेली नाही. त्यानंतर प्रकृतीनुसार एखादेच मेध्य द्रव्य, अल्प मात्रेने सुरू करून तीन महिने. घृतकल्प देताना अग्नी, वजन व रक्तातील मेद पाहावेत. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल वा हृदयाची औषधे घेणाऱ्यांत तो टाळावा. डोनेपेझिल चालू असलेल्या रुग्णास ब्राह्मी देताना नाडीची गती मोजावी, कारण प्रयोगशाळेत ब्राह्मीचा परिणामही सौम्य प्रमाणात त्याच दिशेचा आढळला आहे. अश्वगंधा देताना थायरॉइडच्या गोळीची चौकशी करावी. एका वेळी चार कल्प देऊ नयेत. ज्याला दोन गोळ्या आठवत नाहीत, त्याला आठ लिहून देणे हे चिकित्सेचे लक्षण नव्हे.

स्मृतीची आठ कारणे आणि रोजचे घर

चरकांनी शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्या संदर्भाचे तात्त्विक मोल आपण जाणतोच. परंतु बोधमांद्याच्या रुग्णाच्या घरी ती रोजच्या उपयोगाची ठरतात, असा आमचा अनुभव आहे.

निमित्तग्रहण : कामाला ठरलेले निमित्त जोडावे. सकाळची गोळी घड्याळाला न बांधता देवापुढच्या निरांजनाला बांधावी. दिवा लावला की गोळी. रोज न चुकणाऱ्या कृतीला नवी कृती जोडली की ती आठवते.

रूपग्रहण : वस्तू दिसली पाहिजे. चष्मा, किल्ली व पासबुक यांची जागा एकच आणि उघडी असावी. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावे, निरक्षरांसाठी डब्याबाहेर त्याच धान्याची पुडी.

सादृश्य : नवी वस्तू जुनीसारखी घ्यावी. फोन, गॅसची शेगडी, नळ बदलताना जुन्या घडणीचाच निवडावा. हौसेने आणलेल्या नव्या उपकरणाने अनेक वृद्धांचे एक काम कायमचे सुटते.

विपर्यय : जे एकमेकांशी घोटाळ्याचे आहे ते मुद्दाम विरुद्ध ठेवावे. सकाळची औषधे पांढऱ्या डबीत, रात्रीची लाल डबीत.

सत्त्वानुबंध : मन लागले पाहिजे. दूरचित्रवाणी चालू असताना निरोप सांगू नये. समोर बसून, नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगावी.

अभ्यास : जे रोज केले जाते ते शेवटपर्यंत टिकते. म्हणून येत असलेले काम काढून घेऊ नये.

ज्ञानयोग : आयुष्यभराच्या विद्येशी नाते ठेवावे. शिंप्याला टाके, शेतकऱ्याला बियाणे, शिक्षिकेला नातवंडांचे पाढे.

पुनःश्रुत : पुन्हा ऐकवावे, पण "आत्ताच तर सांगितले ना!" या शब्दांवाचून.

या आठांपैकी अभ्यासाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट करावेसे वाटते. ६८ वर्षांच्या एक गृहिणी आमच्याकडे आल्या. गॅस एकदा चालू राहिला म्हणून घरच्यांनी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणेच बंद केले होते. हेतू चांगला होता. पण चार महिन्यांत त्या बोलेनाशा झाल्या, दिवसा झोपू लागल्या, आणि वेणी घालण्याचाही त्यांना कंटाळा येऊ लागला. सूनबाई म्हणाल्या, "आईंना आता काहीच जमत नाही." आम्ही स्वयंपाकाच्या पायऱ्या कागदावर उतरवल्या. निवडणे, भिजवणे, कणीक मळणे, मसाल्याचे प्रमाण सांगणे, फोडणी देणे, गॅस बंद करणे. या सहांपैकी केवळ शेवटची दोन कामे दुसऱ्याच्या देखत करावीत, बाकीची चार त्यांचीच, असे ठरले. चाचणीतील गुण सहा महिन्यांनंतरही तेवढेच राहिले. पण आमच्या नोंदीत दोन कामे ३ वरून १ वर आली, दिवसाची झोप कमी झाली, आणि सूनबाई आमटीचे प्रमाण पुन्हा त्यांना विचारू लागल्या. या सुधारणेचे श्रेय कोणत्या कल्पाला द्यावे? ते काम परत मिळण्याला आहे.

फिनलंडमध्ये १,२६० वयस्कांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार, व्यायाम, बोधाचा सराव व रक्तदाबादी घटकांवर लक्ष अशी चतुर्विध योजना दोन वर्षे राबवली, तेव्हा बोधशक्तीवर अनुकूल परिणाम दिसला. आहार, विहार, अभ्यास आणि निदानपरिवर्जन ही आपली भाषा त्याहून निराळी नाही.

औषधी विक्रेत्यांसाठी

औषधी दुकानदार हा पुष्कळदा या अवस्थेचा पहिला साक्षीदार असतो. आठवड्यात तेच औषध दुसऱ्यांदा मागणारे, सुटे पैसे मोजताना गोंधळणारे, घेतलेली पिशवी काउंटरवर विसरणारे जुने ग्राहक आपण रोज पाहतो. ही थट्टेची वेळ नव्हे. घरच्यांशी परिचय असेल तर हळुवारपणे कानावर घालावे. त्याचबरोबर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) साठीपुढील ग्राहकास कोणताही मेध्य वा निद्राजनन कल्प देताना चालू औषधे विचारावीत. धत्तूर, भांग, पारसिक यवानी ही द्रव्ये औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत. ती असलेल्या कल्पांवरील वैद्यकीय देखरेखीची सूचना वाचून दाखवावी. असे कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत.
२) 'ब्राह्मी' नावाने काय विकतो हे ठाऊक असावे. महाराष्ट्रात बॅकोपा मोनिएरी म्हणजे जलब्राह्मी आणि सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी, कोकणातील कारिवणा, या दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. शंखपुष्पीच्या नावाने विष्णुक्रांता व गोकर्णही येते. पुरवठादाराकडून वनस्पतीचे शास्त्रीय नाव लेखी घ्यावे.
३) पुडीवर मात्रा व वेळ मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहावी. सारख्या दिसणाऱ्या दोन वट्या एकत्र देऊ नयेत. आठवड्याच्या कप्प्यांची डबी दुकानात ठेवावी आणि पहिल्या वेळी ती स्वतः भरून दाखवावी.
४) 'स्मृतिभ्रंशावर हमखास' अशी पाटी वा पत्रक लावू नये. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा समावेश आहे, आणि कायदा नसता तरी अशी हमी देणे आपल्या व्यवसायाला शोभणारे नव्हे.

पाठपुरावा

दर तीन महिन्यांनी दहा कामांची नोंद, रक्तदाब, वजन व निद्रा पाहावी, आणि औषधांची पिशवी पुन्हा उघडावी. सर्वच रुग्ण स्थिर राहत नाहीत. आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका वृद्ध व्यापाऱ्यांची अवस्था योग्य उपचार असूनही दोन वर्षांत डिमेन्शियापर्यंत गेली. परंतु बुद्धी निर्णयक्षम असतानाच त्यांनी बँकेतील नामनिर्देशन, मृत्युपत्र व दुकानाचा कारभार यांची व्यवस्था स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या सहीने करून ठेवली होती. हा विषय काढताना मुलांना संकोच वाटतो. वैद्याने तो काढला तर तो हिताचा सल्ला ठरतो. फोनवरून गुप्त क्रमांक विचारून होणाऱ्या फसवणुकीपासूनही अशा रुग्णांना जपावे. खात्यातील मोठ्या रकमेची सूचना घरातील विश्वासू व्यक्तीच्या फोनवर जाईल अशी सोय करण्यास सांगावे. ज्या वृद्धांना घरात आधार नाही, त्यांना १४५६७ या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनीची व गावातील ज्येष्ठ नागरिक संघाची माहिती द्यावी.

येत्या तीन महिन्यांत आपल्याकडे येणाऱ्या साठीपुढील पाच रुग्णांची तरी अशी दिनव्यवहाराची नोंद प्रत्येक वैद्याने करून पाहावी, आणि आपले अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. ब्राह्मी मागायला आलेल्या कुटुंबाला ब्राह्मी अवश्य द्यावी, परंतु ती देण्यापूर्वी आजोबांना विचारावे : "सकाळी उठल्यापासून आज काय काय केलेत?" आणि त्यांचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.